कोवळ्या शिंगांच्या दिवसांतलं लग्न

लुआन सूछिनच्या लेकीचं लग्न मे महिन्यात ठरलं, तेव्हा वस्तीतल्या प्रत्येकानं तिला एकच विचारलं, "मे महिन्यात? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

डोकं ठिकाणावर होतं, पण इलाज नव्हता. नवऱ्या मुलाची आजी अंथरुणाला खिळली होती. घरातलं थोरलं माणूस गेलं की तीन वर्षं लग्नाचं नाव काढायची सोय नाही. म्हातारीच्या डोळ्यांदेखत उरकून घेऊ, असा मुलाकडून निरोप आला. पंचांग पाहिलं, दिवस निघाला तो चोवीस मे. (म्हातारी पुढं दोन वर्षं टुणटुणीत जगली, पण ते तेव्हा कुणाला माहीत असणार?)

दोंगगोउच्या हरणांच्या कुरणात मे महिना म्हणजे श्वासही बेतानं घ्यायचा महिना. एप्रिलमध्ये नरांच्या कपाळावरची जुनी बोंडं, गेल्या साली कापलेल्या शिंगांचे खुंट, गळून पडतात आणि तिथून नवं शिंग वर येतं. अंगावर लव, बोट टेकवलं तर ऊन लागणारं, आत नुसतं रक्त. औषधवाल्यांना हवं असतं ते हेच. हाड धरायच्या आत ते कापावं लागतं, आणि तोवर पन्नासएक दिवस त्याला जपावं लागतं. एखादा नर बुजला आणि भिंतीवर आपटला, की पिकलेल्या टोमॅटोसारखं शिंग फुटतं. एक बुजला की सगळा वाडा उधळतो. म्हणून त्या दिवसांत वस्तीतली कुत्री ओढ्यापलीकडे बांधलेली असत. सायकलींच्या घंट्या चिंध्यांनी गुंडाळलेल्या असत. नवराबायको भांडतसुद्धा कुजबुजत.

सूछिन एक्कावन्न वर्षांची होती आणि गेली एकोणीस वर्षं नरांना चारत होती. पहिला वाडा तिचा, त्यात बत्तीस नर. आदल्या संध्याकाळी सोयाबीन भिजत घालायचं. पहाटे ते दळून त्याचं दूध काढायचं, उकळायचं, कोमट करायचं. मग मक्याचा भरडा, पेंड, मीठ आणि हाडांची भुकटी कालवून वर ते दूध ओतायचं. असं दिवसातून चार वेळा, शिवाय दुपारी ओकच्या कोवळ्या फांद्या. शिंग जोर धरतं तेव्हा नराची भूक आवरत नाही. पण एकदम जास्त घातलं तर पोट फुगतं, आणि हात आखडला तर शिंग रोडावतं. रोज मूठभर वाढवत न्यायचं, ती मूठ कुठल्या कागदावर लिहिलेली नसते. तिचा नवरा देशंग पूर्वी हे सगळं तिच्या जोडीनं करायचा. चार वर्षांपूर्वी माजावर आलेल्या एका नरानं त्याचं कंबरडं मोडलं. तेव्हापासून तो काठी घेऊन चाले आणि बसल्या जागी दळणयंत्र सांभाळे. बाकी सगळं तिच्या अंगावर.

लग्न ठरल्यावर पहिली कुरबूर घरातच झाली.

"एकुलती एक पोर," देशंग म्हणाला. "फटाक्याशिवाय पाठवायची? अगं, मयतालासुद्धा माळ लावतात लोक."

"हळू बोला."

"हळूच बोलतोय. लग्न झाल्यापासून हळूच बोलतोय मी."

"मग अजून महिनाभर बोला. शिंगं कापून झाली की काय बोंबलायचंय ते बोंबला."

"पोर तेव्हा गेलेली असेल, युनश्याची आई." त्यानं काठीचं टोक जमिनीत रुतवलं. "शेजारच्या वस्तीत डुकरं विकली तरी वाजवतात."

लेक, युनश्या, पलीकडे ब्लाउजला बटणं लावत बसली होती. तेवीस वर्षांची, तालुक्याच्या सूतगिरणीत कामाला, तोंडानं फटकळ. "दोघंही गप्प बसा," ती कुजबुजली. "मी बसनं जाईन. तिकीट काढून."

मुलाकडून बोलणी करायला आला तो मुलाचा मामा, फू. ट्रक चालवणारा, छाती पिंपासारखी, आवाज तसाच. त्याला मोटरसायकल पुलापाशी ठेवायला लावून तिथून चालवत आणलं होतं, त्यामुळे तो आधीच तापलेला.

"विहीणबाई," बसता बसता तो म्हणाला, "दहा हजारांची माळ सांगून ठेवलीय मी. लाल. वर सनईवाले चार. आता तुम्ही म्हणता, चोरासारखं या आणि पोर उचलून न्या?"

"मामा, आवाज—"

"हा माझा हळू आवाज आहे! तुमच्या हरणांच्या कानात कापूस घाला की."

"बत्तीस नर, चौसष्ट कान," सूछिन म्हणाली. "तुम्ही येता का कापूस घालायला? चला."

ती उठलीच. त्याला भिंतीलगत नेऊन तिनं फटीशी उभं केलं. आत ऊन होतं. नर रवंथ करत उभे होते, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ती फिकट लालसर लव उन्हात पेटल्यासारखी दिसत होती. एका नरानं मान वर करून फटीकडे पाहिलं. लगेच दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. फूमामानं श्वास रोखला. नेमकी तेव्हाच त्याला शिंक आली. त्यानं डोक्यावरची टोपी काढून अख्खी तोंडात कोंबली, डोळे पाण्यानं भरले, मान लाल झाली, पण आवाज बाहेर पडू दिला नाही.

परत आल्यावर त्यानं ओली टोपी गुडघ्यावर पसरली. मग म्हणाला, "पुलापलीकडे वाजवू. टेकडीच्या आड. सनईसुद्धा तिथंच." आणि दारातून बाहेर पडताना, "असल्या ठिकाणी तुम्ही एकोणीस वर्षं काढलीत, विहीणबाई? मी एकोणीस दिवसांत फुटलो असतो."

कुरणाचा व्यवस्थापक होउ, तोच गुरांचा डॉक्टरही. तो लग्नाच्या आदल्या दिवशी आला. "उद्या पहिल्या वाड्याला दुसऱ्या वाड्यावरचा पेई चारा घालील. तू घरी थांब," तो म्हणाला.

"त्याच्या हातचं खाणार नाहीत ते."

"खातील."

"तेवीस नंबरचा तर नाहीच खाणार. तो माझ्यासमोरसुद्धा सगळ्यांचं झाल्यावर गव्हाणीशी येतो. दहा दिवस राहिलेत, होउसाहेब. आता कशाला हात बदलायचा?"

होउनं खांदे उडवले. देशंग म्हणाला, "मुलीच्या लग्नादिवशी तरी—" पण सूछिन कणीक मळत होती, तिनं मान वर केली नाही. पाहुण्यांसाठी दोन दिवस ती रांधत होती. मधल्या मधल्या वेळात वाडा होताच. कांगवर, त्या तापत्या ओट्यावर, नात्यातल्या बायका ओळीनं झोपल्या होत्या. तिला आडवं व्हायला कोपरा होता, पण तिथं जाऊन पडायला वेळ मिळाला नाही.

लग्नादिवशी तीनलाच ती पुन्हा कामाला लागली. घरातल्या बायका चारला उठून मोदकांसारख्या, सारण भरलेल्या पुड्या वळायला बसणार होत्या. निघताना नवरीनं आईच्या हातून ती उकडलेली पुडी खायची असते, मगच घराबाहेर पाऊल टाकायचं. सूछिननं बायकांना सांगितलं, "पाणी उकळायला ठेवा. सहाला मी आलेच." नवा निळा ब्लाउज घातला, त्यावर रोजचा कळकट कोट चढवला आणि ती बादल्या घेऊन वाड्यात गेली. नवं कापड नरांना चालत नाही.

उजाडलं होतं. तिनं बादलीवर दोनदा थापटलं, नेहमीसारखं. नर आले. तिनं गव्हाणीत कालवण पसरलं, मग टोकाला जाऊन उरलेलं तेवीस नंबरच्यासाठी ठेवलं. तो अजून भिंतीपाशीच होता. त्याची वाट बघायची तर दहा मिनिटं लागणार. तिथं एक पालथं टोपलं होतं, त्यावर ती बसली. पाठ भिंतीला टेकली. भिंत रात्रभरची गार होती, बरं वाटलं. एकतीस जबडे चावत होते, तो आवाज पावसासारखा एकसारखा येत होता. तिनं डोळे मिटले, फक्त चुरचुरणाऱ्या डोळ्यांना जरा आराम म्हणून.

जागी झाली ती खुरांच्या आवाजानं.

वाडा उधळला होता. नर एका भिंतीवरून दुसरीवर जात होते, लाटेसारखे, आणि मध्ये दारापाशी लाल रेशमी कोटात, केसांत कागदी फुलं खोचून, युनश्या उभी होती. दोन्ही हात तोंडावर. सूछिन जागेवरून हलली नाही. हलून चालणारच नव्हतं. तिनं बादली शोधली, ती उपडी पडली होती, तिच्यावर दोनदा थापटलं. पुन्हा दोनदा. तिसऱ्यांदा. काही नर थांबले. मग बाकीचे. तिनं हळूहळू चालत जाऊन शेजारच्या रिकाम्या वाड्याचं फाटक उघडलं, आणि ते एकामागून एक तिकडे निघाले. एक राहिला. तेवीस नंबरचा. भिंतीशी तोंड करून उभा, डावं शिंग बुडाशी चिरलेलं, बाजूला कललेलं, आणि कपाळावरून डोळ्यात रक्ताची धार.

युनश्या काहीतरी म्हणायला पुढं आली.

"तिथंच थांब," सूछिन म्हणाली. आवाज कुजबुजीएवढाच, पण त्यात जे होतं ते ओरडून निघालं नसतं. "अक्कल आहे का तुला? इतकी वर्षं या वाड्यात वाढलीस आणि लाल घालून आत येतेस? नीघ. नीघ इथून."

पोरीचा चेहरा पांढरा पडला. ती मागं वळली आणि फाटक हलक्या हातानं, आवाज न करता लावून गेली.

सूछिन तिथंच थांबली. मोडलेलं शिंग घेऊन नर पुन्हा उसळला तर ते मुळापासून फाटेल आणि रक्तानंच जाईल. एकटा ठेवला तर उसळणार. म्हणून ती दहा पावलांवर उभी राहिली, त्याच्याकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून, तोंडातल्या तोंडात रोज म्हणते तसं काहीबाही म्हणत. देशंग काठी टेकत फाटकापर्यंत आला. तिनं हातानं खूण केली, होउला बोलाव. तो तिथून गेला. होउ यायला पाऊण तास लागला. तो लग्नाचे कपडे घालून पुलापाशी वरातीची वाट बघत होता. त्यानं कोट काढून फाटकावर टाकला. दोघांनी मिळून नराला अरुंद बोळात घातलं, फळ्या आवळल्या. होउनं करवतीनं शिंग काढलं, बुडाशी दोरी करकचून बांधली, पूड दाबली. हे सगळं होईस्तोवर आणि रक्त थांबेस्तोवर सूछिननं नराची मान धरून ठेवली होती. नर थरथरत होता.

वरात कधी आली, कधी गेली, तिला कळलं नाही. वारा टेकडीकडे वाहत होता. पुलापलीकडची दहा हजारांची माळ तिच्या कानांपर्यंत पोचलीच नाही.

ती घरी आली तेव्हा नऊ वाजून गेले होते. अंगणात पाहुण्यांची खरकटी भांडी. चुलीवर थंड पाणी. छपराच्या आकड्याला बरगड्यांचं मांस टांगलेलं होतं, लाल दोऱ्यानं बांधलेलं. आईपासून लेक तोडून नेतात, त्याबदली वरपक्ष ते आणतो. देशंग पायरीवर बसला होता.

"काही खाल्लं का तिनं?" सूछिननं विचारलं.

"मी भरवल्या. दोन पुड्या."

"रडली?"

"नाही," देशंग म्हणाला. "पण मान वळवून वाड्याकडे बघत होती. मी म्हटलं, आई येईल, थांब जरा. ती म्हणाली, नको, मला नीघ म्हणालीय." थोडा वेळ तो काठीशी खेळला. "जावई आत येऊन तुला 'आई' म्हणून हाक मारणार होता. पहिल्यांदा. तू नव्हतीस."

सूछिन कांगच्या कडेवर बसली. हाताला रक्त सुकलं होतं. दुपारचा चारा पेईनं घातला. नरांनी खाल्ला, सगळा.

संध्याकाळी होउ आला. कागद काढून बसला. नुकसानीचं वरती कळवावं लागतं. "नवरी वाड्यात शिरली, असंच लिहितो," तो म्हणाला. "लग्नघर आहे, कुणी फार बोलणार नाही."

"नाही," सूछिन म्हणाली. "मी झोपले होते."

होउनं पेन थांबवलं.

"टोपल्यावर बसून झोपले होते. चारा घालताना. ती मला शोधायला आली होती. तसं लिहा."

"सूछिन, वाडा काढून घेतील तुझा."

"लिहा."

देशंगनं तिच्याकडे पाहिलं. मग होउनं तिनं सांगितलं होतं तेवढंच लिहिलं, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही.

तिसऱ्या दिवशी लेक-जावई माहेरी आले, रिवाजाप्रमाणे, सूर्य मावळायच्या आत परतायच्या बोलीवर. जावई शाओगांग उंच, लाजाळू पोरगा. दारातच तो वाकला आणि म्हणाला, "आई." सूछिननं "हो" म्हटलं, आणि मग तिला काय करावं सुचेना, म्हणून तिनं त्याला चुलीपाशी नेऊन सरपण फोडायला लावलं. देशंग हसायला लागला, कुजबुजीत.

युनश्या आईशी बोलली नाही. ती भाजी चिरायला बसली. सूछिन समोर बसली, वरातीतलं ते मांस उकळत होतं.

"तो कसा आहे?" शेवटी युनश्यानं विचारलं.

"खातोय. थोडं थोडं. दुसरं शिंग बरं आहे."

"मला माहीत होतं लाल घालून जायचं नाही," युनश्या म्हणाली. सुरी चालूच होती. "मी काही विसरले नव्हते. फटीतून हाका मारल्या तुला. तीनदा. तू हलली नाहीस. मान अशी एका बाजूला, हात उताणे. मला वाटलं..." तिनं सुरी खाली ठेवली. "मला वाटलं तुला काही झालं. बाबांसारखं. म्हणून आत आले."

सूछिनच्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली.

"मेलीय वाटलं?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि मी नीघ म्हटलं."

"हो," युनश्या म्हणाली, आणि मग नाक ओढत, "तुझा आवाज ऐकून आधी बरंच वाटलं मला. मग राग आला. राग अजून आहे."

"असू दे," सूछिन म्हणाली. "मी झोपले होते, पोरी. चूक माझी. होउला तसं लिहायला लावलंय मी."

"माहीत आहे. बाबांनी पुलापाशीच सांगितलं. वाडा काढून घेणार म्हणे."

"घेऊ देत."

ते म्हणताना तिला स्वतःलाच नवल वाटलं, की त्यात रुसवा नव्हता. थकवा होता, जुना, हाडांत मुरलेला, एवढंच. मांस शिजलं. जावयानं तीन वाट्या खाल्ल्या, देशंगनं त्याला दारू ओतली, आणि फूमामाची टोपीची गोष्ट ऐकून शाओगांग इतका हसला की त्यालाच तोंडावर हात दाबावा लागला. सूछिननं लेकीच्या वाटीत न विचारता मांसाचा तुकडा टाकला. युनश्यानं तो खाल्ला. एवढंच.

चारला निघायची वेळ झाली. सूछिन पुलापर्यंत सोबत गेली. देशंग आणि जावई पुढं, दोघी मागं.

"तिथं किती वाजता उठतेस?" सूछिननं विचारलं.

"सहाला. सासूबाई साडेसहाला उठतात."

"मग सव्वासहाला ऊठ. उगाच पहाटेपासून चूल पेटवून बसू नकोस. एकदा सवय लावलीस की ती तुझ्याच अंगावर पडते."

"तू मला शिकवतेस हे?" युनश्या म्हणाली, आणि पहिल्यांदाच थोडी हसली.

बस आली, गेली. पुलापाशी सूछिननं थोडा वेळ कठड्यावर बसून पाय हलके केले. जूनच्या पहिल्या आठवड्यात शिंगं कापली, एकतीस नरांची पूर्ण, एकाची एकच. शरद ऋतूत होउनं तिला पहिल्या वाड्यावरून काढून माद्यांच्या वाड्यावर दिलं. माद्यांना शिंगं नसतात, तिथं बोललं तरी चालतं. पहिले काही दिवस ती सवयीनं कुजबुजतच राहिली. मग एका सकाळी देशंगनं लांबून विचारलं, घरी येतेस ना, आणि तिनं ओढ्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं उत्तर दिलं, "येते! जरा दम धरा!"